वयाच्या खात्यावर

आशाताई घरोघर फिरून तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात साठी उलटलेल्यांसाठी चार प्रश्न वेगळे काढलेले आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का. हालचालीला अडथळा येईल असं काही अपंगत्व आहे का. रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो का. आणि जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतं का. त्याच अर्जात पुढे आणखी दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटेनाशी झाली आहे का, आणि मन खचल्यासारखं, उदास राहतं का. म्हणजे म्हातारपणातलं विस्मरण आणि म्हातारपणातली उदासी या दोन्हींची चौकशी करण्याची सोय सरकारी कागदावर आधीच आहे. अडतं ते उत्तरापाशी. पुणे जिल्ह्यातलं पेठ असो, मंचर असो की जुन्नरच्या पश्चिमेकडची एखादी वाडी असो, ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा आतून येतं, "वय झालं आता, चालायचंच." ते ऐकून विचारणाराही पुढच्या रकान्याकडे वळतो. पुढची प्रकरणं या उत्तराची उलटतपासणी घेण्यासाठी लिहिली आहेत. त्यामागचं म्हणणं थोडक्यात असं: विस्मरण वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होण्याची आपली सवय आजार झाकते, आणि विस्मरण व उदासी यांचा शोध एकत्र घेतला नाही तर दोन्ही हातून सुटतात. हा शोध शहरातल्या तज्ज्ञाच्या दारात सुरू होण्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. तो गावात सुरू होऊ शकतो, आणि गावातच सुरू झाला तर वेळेवर होईल.

पहिली शंका अशी घेतली जाते की विस्मरणाचा हा आजार, म्हणजे स्मृतिभ्रंश, खेड्यात आहे तरी का. ही शहरी, एकट्या पडलेल्या, पेन्शनीत निघालेल्या लोकांची दुखणी. या शंकेला एकेकाळी आकड्यांचाही आधार मिळत होता. 10/66 नावाचा संशोधकांचा एक गट आहे. त्याच्या नावातच तक्रार आहे: स्मृतिभ्रंशाचे दोन तृतीयांश रुग्ण गरीब देशांत, आणि त्यांच्यावरचं संशोधन मात्र एकूण संशोधनाच्या दहा टक्केही नाही. या गटाने 65 वर्षांवरच्या माणसांची वेगवेगळ्या देशांत केलेली पाहणी 2008 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची त्या वेळची निदानपुस्तिका प्रमाण मानली, तर ग्रामीण भारतात, म्हणजे तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळच्या खेड्यांत, स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 0.3 टक्के निघत होतं. क्युबात त्याच मापाने ते 6.3 टक्के होतं. वीसपटीची ही तफावत माणसांच्या मेंदूत असेल यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. ती मापातच होती. त्या पुस्तिकेप्रमाणे नुसती स्मरणशक्ती उणावून भागत नाही, तिच्यामुळे माणसाचं काम आणि व्यवहार विस्कटल्याचं दिसावं लागतं, आणि ते सांगायचं घरच्यांनी. वेल्लोरच्या घरच्यांना तसं काही विस्कटलेलं वाटत नव्हतं. म्हाताऱ्यांकडून त्यांची अपेक्षाच तेवढी नव्हती. कमी शिकलेल्या समाजांचा विचार करून त्याच गटाने तयार केलेले निकष लावल्यावर मात्र सगळ्या देशांतले आकडे 5.6 ते 11.7 टक्क्यांच्या पट्ट्यात आले. त्यानंतर देशभराच्या नमुन्यावर झालेली आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आणखी स्पष्ट बोलते. साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. शहरी आजाराची समजूत इथे उलटी पडते.

उदासीची गोष्टही याच वळणाची आहे. केंद्र सरकारच्या वतीने 2017-18 मध्ये झालेल्या वृद्धत्वाच्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या माणसांना लक्षणांवरून प्रश्न विचारले तेव्हा 8.3 टक्क्यांना नैराश्याचा आजार असावा असं दिसलं. 'तुम्हाला डॉक्टरांनी कधी नैराश्य असल्याचं सांगितलंय का' असं विचारल्यावर हो म्हणणारे एक टक्काही नव्हते. म्हणजे नैराश्य असलेल्या दहांपैकी जेमतेम एकाला ते डॉक्टरच्या तोंडून कळलेलं. दोन्ही दुखण्यांचं साम्य इथेच दिसतं: माणूस आजारी आहे, घराला त्रास होतो आहे, पण दप्तरी काहीच नाही.

आता दप्तरी का नाही, हे पेठेच्या परिसरात उभं राहून पाहिलं तर जास्त नीट कळतं. खेड घाट चढून आलं की पेठ लागतं, पुढे अवसरी घाट उतरला की मंचर. पेठ हे सातगाव पठारावरचं गाव, पावसाच्या भरवशावर बटाटा घेणारं. या कामाची आठवण डोक्यापेक्षा हातांत जास्त असते. बेणं कापणं, सरी धरणं, बैलाला वळवणं, भाकरी थापणं, दूध काढणं या गोष्टी मेंदूच्या ज्या भागांत रुजलेल्या असतात ते भाग अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात बरेच उशिरा ढासळतात. आधी जातं ते ताजं: सकाळी काय खाल्लं, कोण येऊन गेलं, पैसे कुठे ठेवले. त्यामुळे सकाळची भाकरी विसरलेला म्हातारा दुपारी बटाट्याची सरी बिनचूक ओढू शकतो, आणि सरी बिनचूक ओढणाऱ्याच्या मेंदूत काही बिघडलं असेल हे कुणाच्या ध्यानात येत नाही. शहरात हाच माणूस बँकेच्या यंत्रासमोर, गॅसच्या बटणापाशी, बसच्या क्रमांकापाशी दोन वर्षं आधी पकडला गेला असता. बायकांच्या बाबतीत झाकण आणखी घट्ट. हिशेब कधी हातात दिलेला नाही, एकटीने प्रवास कधी केलेला नाही, तेव्हा तिचं काय हरवतंय हे कशावरून ओळखायचं? सुनेने चूल हातात घेतली की म्हातारीच्या चुका दिसायच्याही बंद होतात. मीठ दोनदा पडलं म्हणून सुनेने तिला स्वयंपाकातून उठवलं, तर घराच्या दृष्टीने तो प्रश्न सुटलेला असतो.

हे झाकण टिकतं ते घर भरलेलं असेपर्यंत. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांतून माणूस बाहेर जाणं नवीन नाही. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पूर्वी गडी मुंबईला जाई आणि घर गावात राही. आता चाकण-भोसरीच्या कारखानदारीने घरच उचललं आहे. मुलगा, सून, नातवंडं तिकडे, आणि गावात म्हातारा-म्हातारी, बऱ्याचदा दोघांतलं एकच. ज्याची आयुष्यभराची नोकरी मुंबईत झाली तो निवृत्तीनंतर गावी परततो, तेव्हा त्याचे सोबती मुंबईत राहिलेले असतात आणि गाव ओळखीचं उरलेलं नसतं. पश्चिमेला डिंभे धरणाखाली खुद्द आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव उरलं, गाव पाण्यात. अशा परिसरात म्हाताऱ्याचं गप्प होणं हे विस्मरण, की उदासी, की दोन्ही? हा प्रश्न हौसेचा नाही, कारण उत्तरावर उपचार ठरतात.

इथे जरा थांबायला हवं, कारण या विषयाचा सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. विस्मरण हे लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. ताप आहे म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे आपण पाहतोच, विस्मरणाच्या मागे काय आहे हे मात्र पाहत नाही. काल-परवापर्यंत ठीक असलेली म्हातारी दोन दिवसांत बरळायला लागली, रात्री उठून बसली, माणसं ओळखेना झाली, तर गावात म्हणतात वात झाला, किंवा बाहेरचं काही लागलं. ही बहुतेकदा तातडीची शारीरिक बाब असते: लघवीचा जंतुसंसर्ग, फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, साखर एकदम उतरणं. ती ओळखली तर माणूस पुष्कळदा काही दिवसांत ताळ्यावर येतो, आणि देवऋषाकडे दोन दिवस गेले तर जीव जाऊ शकतो. पडल्यानंतर काही आठवड्यांनी हळूहळू सुस्ती आणि गोंधळ वाढत गेला, तर कवटीच्या आत रक्त साचलेलं असू शकतं आणि ते शस्त्रक्रियेने काढता येतं. थायरॉइड मंदावलं तर माणूस मंदावतो. झोपेच्या गोळ्या, खाजेसाठी किंवा सर्दीसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, चार डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता दिलेली चार औषधं, एवढ्यानेही उतारवयातली स्मरणशक्ती गढुळते. आणि जीवनसत्त्व बी-12. ते वनस्पतींत मिळत नाही, प्राणिज अन्नातूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून 441 मध्यमवयीन पुरुष तपासले होते. त्यांतल्या 67 टक्क्यांत बी-12 कमी होतं. ते पुरुष आज म्हातारपणाच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेले आहेत, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 आणखी खाली जाऊ शकतं. याचा अर्थ बी-12 कमी असलेला प्रत्येक म्हातारा त्यामुळेच विसरतो असा नाही. बहुतेकांना इंजेक्शनाने स्मरणशक्ती परत मिळणारही नाही. पण ज्या जिल्ह्यात ही उणीव इतकी सर्रास आहे, तिथे रक्ताची ही साधी तपासणी न करता 'म्हातारचळ' म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

याच यादीत नैराश्य येतं, आणि त्याचं स्थान यादीतल्या बाकीच्यांहून वेगळं आहे. 1961 मध्ये किलोह या मनोविकारतज्ज्ञाने एका निबंधात दाखवून दिलं की गंभीर नैराश्यातला म्हातारा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासारखा हुबेहूब दिसू शकतो, आणि नैराश्य उतरलं की त्याची बुद्धी परत येऊ शकते. नंतर कित्येक वर्षं डॉक्टरांना शिकवलं गेलं की ही दोन दुखणी वेगळी ओळखावीत. ओळखण्याच्या काही खुणा खऱ्याच आहेत. उदास माणूस स्वतःहून म्हणतो, "माझ्या ध्यानात राहत नाही." प्रश्न विचारला तर "माहीत नाही" म्हणून सोडून देतो, प्रयत्नच करत नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सहसा तक्रार करत नाही, तक्रार घरचे करतात. तो चुकीचं उत्तर ठासून देतो किंवा बोलणं हसण्यावारी नेतो. पण पुढच्या संशोधनाने या सुबक वाटणीत पाणी शिरवलं. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी स्मृतिभ्रंशाची नांदी असते. ज्यांना दीर्घकाळ नैराश्य होतं त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त आढळतो. आणि ज्याला आपलं काही निसटतंय हे कळतं, तो त्या कळण्यानेच खचतो. कानांचं उदाहरण घेतलं तर हा गुंता आणखी उलगडतो. ऐकू कमी आलं की माणूस उत्तरं चुकीची देतो, घर त्याला विसरभोळा ठरवतं. मग त्याच्याशी बोलणं कमी होतं, तो एकटा पडतो, उदास होतो, आणि ज्या मेंदूला ऐकायला-बोलायला काही उरलं नाही तो खरोखरच झिजू शकतो. 'लॅन्सेट'ने नेमलेल्या आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोग्या 14 कारणांची यादी दिली. ही कारणं दूर झाली तर जगातला 45 टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत बहिरेपण, कमी दिसणं, एकटेपण, नैराश्य, मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचं धूम्रपान आणि अपुरं शिक्षण एकाच पंगतीला बसले आहेत. 1951 च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता नऊ टक्क्यांच्याही आत होती. आज ऐंशीच्या घरात असलेल्या बायका त्या काळातल्या मुली. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांत हा आजार जास्त का, याचं एक कारण तिथे आहे.

म्हणून विस्मरण आणि उदासी यांचा शोध एकत्र घ्यावा असं मी म्हणतो. नुसतं विस्मरण शोधणारा नैराश्याला स्मृतिभ्रंश समजून हात टेकेल. नुसतं नैराश्य शोधणारा स्मृतिभ्रंशाच्या पहिल्या पायरीवर असलेल्याला गोळी देऊन घरी पाठवेल आणि सहा महिन्यांनी "काही फरक नाही" ऐकेल.

सगळ्यात जड आक्षेप असा: स्मृतिभ्रंशावर इलाज नाही, मग ओळखून करायचं काय? आक्षेप खोटा नाही. डोनेपेझिलसारखी औषधं काहींना काही काळ थोडा आधार देतात, आजार थांबवत नाहीत. अलीकडे आलेली प्रतिपिंडांची नवी औषधं फार महाग आहेत, त्यांना मेंदूच्या खास तपासण्या आणि वारंवार एमआरआय लागतात, आणि मिळणारा फायदा माफक आहे. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयासाठी तो विषय आज नाही. पण इलाज नाही हे वाक्य ज्याच्या बाबतीत तपास झाला आहे त्याच्याबद्दलच म्हणता येतं. तपासाआधी ते म्हणणं म्हणजे थायरॉइडच्या, नैराश्याच्या आणि औषधांनी गोंधळलेल्या माणसांनाही त्याच पंक्तीत बसवणं. आणि ज्याला खरोखर अल्झायमर आहे त्याच्याही बाबतीत निदानाने बरंच बदलतं. पेठेच्या आसपासची दोन उदाहरणं पुरेत. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेच्या जमिनींचे भाव काय झाले आहेत हे कुणाला सांगायला नको. सातबारावर नाव म्हाताऱ्याचं, आणि म्हाताऱ्याला कालचं आठवत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे कराराच्या वेळी माणसाला व्यवहार समजत असला पाहिजे आणि आपल्या हिताचं काय याचा विचार करता आला पाहिजे. पण अंगठा उठवून घेणारा ते कलम वाचून दाखवत नाही. हक्कसोडपत्रं, खरेदीखतं, मृत्युपत्रं यांवरून भावाभावांत जे दावे वर्षानुवर्षं चालतात, त्यांत म्हाताऱ्याची त्या दिवशीची समज काय होती हाच वादाचा मुद्दा ठरू शकतो. निदान वेळेवर झालं असेल तर समज शाबूत असतानाच माणूस आपली इच्छा सांगून ठेवू शकतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क दिला आहे. दुसरं उदाहरण बिबट्याचं. जुन्नर वनविभागात, उसाच्या फडांत बिबट्या वस्तीला आहे. अंधार पडल्यावर शहाणीसुरती माणसं एकटी बाहेर पडत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत संध्याकाळी अस्वस्थता वाढणं आणि "घरी जायचंय" म्हणत घरातूनच निघून जाणं नेहमीचं आहे. हे होणार असं घराला आधी ठाऊक असेल तर दाराची कडी बदलता येते, गळ्यात नाव-नंबर बांधता येतो, शेजाऱ्यांना सांगून ठेवता येतं. ठाऊक नसेल तर पहिलं भटकणं हीच पहिली सूचना ठरते.

दुसरा आक्षेप आपल्याला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. आपल्याकडे म्हाताऱ्यांना घर सांभाळतं, त्यांना आजाराचं नाव चिकटवून, वेड्यांच्या रांगेत बसवून काय साधणार? या बोलण्यात 'घर' हा शब्द फार सहज येतो. घर म्हणजे बहुतेक वेळा एक बाई. सून, लेक किंवा स्वतःच सत्तरीची झालेली बायको. रात्रभर जागणारी, एकाच प्रश्नाला चाळीस वेळा उत्तर देणारी, चोरीचा आळ ऐकून घेणारी तीच. सासूने "हिने माझी बोरमाळ चोरली" असं गावभर सांगितलं तर सुनेच्या वाट्याला काय येतं? हा संशय आजाराचा भाग आहे, स्वभावाचा किंवा सूडाचा नाही, एवढं एक वाक्य कुणी अधिकारवाणीने सांगितलं तर त्या घरातली भांडणं निम्मी होतील. आणि नावं आपण आधीच चिकटवलेली आहेत. भ्रमिष्ट, चळ लागलेला, डोक्यावर परिणाम झालेला, साठी बुद्धी नाठी. फरक इतकाच की या नावांमागून उपचार येत नाहीत. येरवड्याचं नाव काढलं की अजून लोक दचकतात हे खरं. पण मनोरुग्णालयाची भीती आहे म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातही बोलायचं नाही, याने भीती कमी होत नाही. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांवर केलेला एक प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक लोकांतून निवडलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या घरभेटीच्या सल्लागारांनी या घरांत जाऊन आजार समजावला, रोजच्या अडचणींवर मार्ग सुचवले, गरज पडली तेव्हा डॉक्टरांशी जोडून दिलं. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. रुग्ण बरे झाले नाहीत, घरं सावरली. ज्यांना घराचं इतकं कौतुक आहे त्यांनी तरी हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा.

जाता जाता आपल्या सिनेमाबद्दलही बोललं पाहिजे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'ने हा आजार मराठी प्रेक्षकाला पहिल्यांदा नीट दाखवला, आणि त्यातले शास्त्री उभे केले ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी. चित्रपट उत्तमच आहे. पण त्यातला रुग्ण संस्कृतचा पंडित आहे, आणि पंडिताचं विस्मरण सगळ्यांना दिसतं, कारण हरवतं ते मोठं असतं. जिच्या आठवणीत ओव्या, बियाण्याची पारख आणि हिरड्याच्या झाडांच्या जागा होत्या, तिचं काय हरवलं हे मोजायला कुणी बसत नाही.

मोजण्याचा प्रश्न निघाला, तर तिसरा आक्षेप तिथलाच. स्मरणशक्तीच्या चाचण्या शिकलेल्यांसाठी बनलेल्या. निरक्षर माणूस त्यांत नापास होणारच, मग निम्मं गाव रोगी ठरेल. जगभर वापरली जाणारी 1975 ची फोल्स्टीन यांची चाचणी घेतली तर हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे असतात, एक वाक्य लिहायचं असतं, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायचे असतात. पण हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांसाठी 1990 च्या दशकात तिचं जे हिंदी रूप घडवलं गेलं, त्यात तारखेबरोबर सकाळ आहे की दुपार हेही विचारतात, गावाचं पोस्ट कुठलं हे विचारतात, वाक्य लिहायला लावण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायला लावतात, आणि 'डोळे मिटा' हे वाचायला लावण्याऐवजी "मी करतो तसं करा" म्हणून डोळे मिटून दाखवतात. मराठीत, आणि त्यातही या दोन तालुक्यांच्या बोलीत, असं घडवणं अवघड नाही. आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, यंदा बटाटा लागला की अजून लागायचाय, थोरल्या लेकीचं सासर कुठलं. एक सावधगिरी मात्र हवी: प्रश्न विचारणाऱ्याला मुलूख ठाऊक पाहिजे. "तुमचं गाव कोणतं" या प्रश्नाला धरणग्रस्त म्हातारीने पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव सांगितलं, तर बाहेरून आलेला तरुण डॉक्टर तिचा एक गुण कापेल. तिचं उत्तर बरोबर असण्याची शक्यता पुष्कळ आहे. चाचणीपेक्षाही भरवशाचं असतं ते घरच्यांना विचारणं, आणि तेही 'विसरते का' असं ढोबळ नाही. वर्षापूर्वी काय करत होती आणि आता काय करत नाही, असं.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. हे सगळं करणार कोण? आशाताईंच्या खांद्यावर बाळंतपणापासून क्षयरोगापर्यंतची कामं आहेत, मानधन तुटपुंजं, आणि प्रत्येक नवी योजना आणखी एक नोंदवही घेऊन येते. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला एका म्हाताऱ्यासाठी पाऊण तास मिळत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून. कागद कमी नाहीत. तरीही गोव्यातूनच आलेला दुसरा पुरावा इथे निर्णायक वाटतो. तिथल्या प्राथमिक केंद्रांत येणाऱ्या, सौम्य उदासीची लक्षणं असलेल्या 181 वृद्धांना दोन गटांत विभागून केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाशी डॉक्टर नसलेले, प्रशिक्षित समुपदेशक बोलले: रोजच्या अडचणी एकेक करून सोडवायच्या कशा, झोप कशी सुधारायची, मधुमेह-रक्तदाबाची काळजी कशी घ्यायची, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवायचा. वर्षभरात पहिल्या गटात 14 टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना नैराश्याचा आजार झाला, दुसऱ्यात साडेचार टक्क्यांच्या आत. त्या बोलण्यात मनाबद्दलचं अवघड काही नव्हतं. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये खात्यात का येत नाहीत हे शोधून देणं हाही तिथे उपचारच धरला गेला असता, आणि तो तसा आहेही. म्हणून माझं म्हणणं आशाताईंच्या कामात भर घालण्याचं नाही. त्या आज जो प्रश्न विचारतात, त्याच्या उत्तरापुढे काहीतरी घडावं एवढंच आहे, आणि त्या जास्तीच्या कामाचा मोबदला वेगळा मिळावा. मोबदल्याशिवाय हे पुढे सरकेल असं मानणारे एकतर भोळे आहेत किंवा अंदाजपत्रक करणारे.

'हो' या उत्तरापुढे काय घडावं याचा किमान आराखडा पुढच्या प्रकरणांत आहे. मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातला ठरलेला एक दिवस. त्या दिवशी साखर, थायरॉइड, बी-12 आणि सोडियम या रक्ततपासण्या, कान आणि डोळे पाहणं, चालू गोळ्यांची पिशवी ओतून एकेक गोळी तपासणं, आणि उदासीचे प्रश्न म्हाताऱ्याला घरच्यांपासून बाजूला घेऊन विचारणं. मोतीबिंदू काढणं आणि कानाचं यंत्र बसवणं हे स्मृतीच्या कामात धरलं आहे. एवढ्यानंतरही ज्यांचं उत्तर सापडत नाही तेच पुण्याला पाठवायचे. भीमाशंकरकडच्या आदिवासी वाड्यांसाठी हा आराखडा जसाच्या तसा लागू नाही. तिथून घोडेगावला यायचं म्हणजे एकाचा दिवस आणि दोघांची मजुरी जाते, त्यामुळे तिथे तपासणीच वर न्यावी लागेल, आणि ती कशी याचं प्रकरण सगळ्यात लांब झालं आहे. घरी सांभाळणाऱ्यांसाठीचं प्रकरण मुद्दाम सगळ्यात आधी ठेवलं आहे. ज्यांच्या हाती हे पुस्तक रात्री उशिरा, मधेच कुणी हाक मारण्याच्या भीतीत उघडलं जाणार आहे, त्यांनी ही प्रस्तावना सोडून थेट त्या प्रकरणाकडे गेलं तरी चालेल. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेलिमानसचा 14416 आणि वृद्धांसाठीचा 14567 हे दोन्ही फोन क्रमांक त्याच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापले आहेत.